मानशीची पावणी आणि जिवाणूचे पेटंट

प्रश्न पेडण्याहून आला आहे. विचारणाऱ्या बाई सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करतात. शापोरा नदीकाठी त्यांच्या घरच्यांचे खाजन आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन. तिथल्या चिखलातून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला, प्रयोगशाळेत त्यात दुसऱ्या एका जिवाणूचे जनुक घातले, आणि कुंड्यांतल्या प्रयोगात त्यांना असे दिसले की हा बदललेला जिवाणू मुळांभोवती असेल तर भाताचे रोप खारे पाणी अधिक दिवस सोसते. या जिवाणूचे पेटंट भारतात मिळेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांच्या आजोबांचा आहे: चिखल गावचा, भात गावचे, जीव देवाचा, मग कागद तुझ्या एकटीच्या नावाचा कसा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा माझा पंचवीसहून अधिक वर्षांचा पोटापाण्याचा धंदा आहे. दुसरा प्रश्न अशील सहसा विचारत नाहीत. पण तो बाजूला ठेवून पहिल्याचे दिलेले उत्तर अर्धवटच राहते, असे माझे मत झाले आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

कायद्यापुरते उत्तर आधी देतो. चिखलात जसा सापडला तशा मूळ जिवाणूचे पेटंट भारतात मिळत नाही. तुम्ही घडवलेल्या बदलासह तो जिवाणू पेटंटचा विषय होऊ शकतो. तो ज्याच्या मुळांवर बसला आहे त्या भाताच्या रोपाचे, त्याच्या बियाण्याचे किंवा रोपाच्या कुठल्याही भागाचे पेटंट मात्र मिळणार नाही.

आता आजोबांच्या तोंडचा ‘कागद’ हा शब्द. गोव्यात कागद म्हटला की एक-चौदाचा उतारा डोळ्यांसमोर येतो, म्हणजे जमीन, तिच्या हद्दी आणि तिच्यावरचे नाव. पेटंट हा त्या जातीचा कागद नाही. त्याच्याशी जवळचे नाते सांगायचे तर ते आजोबांनाच माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असलेल्या मानशीच्या पावणीचे आहे. खाजनाच्या बांधात मानस नावाचे पाण्याचे दार असते, भरतीला आपोआप मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे. तिथे जाळे लावून सुंगटे, शेवटे, काळुंदरे अशी मासळी धरण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी पावणीला, म्हणजे लिलावाला, निघतो. पावणी घेणारा नदीचा मालक होत नाही, माशांचा होत नाही, मानशीच्या फळ्यांचासुद्धा होत नाही. त्याला मिळते ते एवढेच की मुदत संपेपर्यंत त्या दारावर दुसऱ्या कोणी जाळे लावायचे नाही. पेटंटही असेच नकाराचे हक्कपत्र आहे. अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून वीस वर्षे, तीही नूतनीकरणाचे शुल्क वेळच्या वेळी भरले तर, इतरांनी ती वस्तू तुमच्या परवानगीवाचून बनवायची नाही, वापरायची नाही, विकायची नाही किंवा आयात करायची नाही. ती वस्तू वापरण्याची परवानगी तुम्हाला पेटंटमुळे मिळत नाही, आणि हे पुष्कळ संशोधकांना अर्ज केल्यावर कळते. जनुकीय बदल केलेला जिवाणू उघड्या शेतात सोडायचा असेल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची मंजुरी लागते, आणि तिथे तुमच्या पेटंटच्या कागदाला काही वजन नाही.

मग यात नैतिक अडचण कुठे येते? ती पावणी आणि पेटंट यांच्यातल्या फरकात आहे. पावणी एका जागेला बांधलेली असते. तुमच्या गोठ्यातली गाय तुमची, तिचे वासरू तुमचे, पण शेजाऱ्याच्या गायीवर तुमचा काडीचा अधिकार नाही, आणि सजीवांवरची अशी मालकी माणूस शेती करू लागल्यापासून चालत आली आहे. तिच्यावर आजोबांचा आक्षेप नसावा. पेटंटचे नेमके उलटे आहे. तुमच्या फ्रीजमधली कुपी हा त्याचा विषयच नव्हे. दाव्यात, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला आहे त्या वर्णनात, बसणारी प्रत्येक कुपी, ती भारतात कोणाच्याही घरात असो, त्याच्या कक्षेत येते. मुदतीच्या दृष्टीने पेटंट मालकीहून दुबळे आहे आणि व्याप्तीच्या दृष्टीने मालकीहून मोठे. वस्तू निर्जीव असेल तर हे सोसते, कारण पंप स्वतःहून पंप प्रसवत नाही. जिवाणू प्रसवतो.

दावा हा शब्द आला, तर तो जवळून पाहू, कारण पेटंटचे सगळे भांडण शेवटी दाव्यांच्या चार ओळींवर होते. तुमच्या अर्जाचा कच्चा मसुदा एखाद्या उत्साही वकिलाने केला तर तो साधारण असा असेल. दावा १: (जिवाणूंचे नमुने जपून ठेवणाऱ्या) अमुक अभिरक्षण संस्थेत अमुक क्रमांकाने ठेवलेला अमुक जातीचा जिवाणू, ज्याच्या जनुकसंचात अमुक क्रमाचे जनुक घातलेले आहे. दावा ४: दावा १ मधला जिवाणू आणि वाहक भुकटी यांचे मिश्रण. दावा ७: दावा १ मधला जिवाणू ज्याच्या मुळांवर आहे असे भाताचे रोप. दावा ९: दावा ४ मधले मिश्रण शेतात घालून भात पिकवण्याची पद्धत. गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात, आणि तिथल्या परीक्षकाचा अहवाल काय म्हणेल हे मी आजच सांगू शकतो. दावा ७ पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) खाली जाईल, कारण वनस्पती आणि प्राणी, संपूर्ण किंवा अंशतः, बियाणे, वाण आणि जाती यांच्यासकट, ‘सूक्ष्मजीव वगळता’ पेटंटयोग्य नाहीत. दावा ९ कलम ३(एच) खाली जाईल, कारण शेती किंवा बागायतीची पद्धत हा आपल्या कायद्यात नवशोध मानला जात नाही. दावा ४ वर विचारणा होईल की ही नुसती भेसळ आहे की एकत्र आल्याने काही वेगळा गुण दिसतो. आणि दावा १ मध्ये जनुक घातल्याचा उल्लेख वकिलाने विसरून ‘चिखलातून वेगळा केलेला जिवाणू’ एवढेच लिहिले, तर कलम ३(सी) पुढे येईल, कारण निसर्गात असलेली सजीव किंवा निर्जीव गोष्ट सापडणे हा शोध झाला, नवशोध नव्हे. या चारांपैकी नीट लिहिलेला दावा १ तेवढा टिकण्याजोगा आहे. माझ्या अनुभवात अशील या टप्प्यावर हिरमुसतात. मला ही छाटणी योग्य वाटते.

‘सूक्ष्मजीव वगळता’ हे दोन शब्द कायद्यात कुठून आले, तेही सांगायला हवे. सजीवावरचे पेटंट ही काही कालपरवाची गोष्ट नाही. लुई पाश्चर यांना १८७३ मध्ये अमेरिकेत रोगजंतूविरहित यीस्टचे पेटंट मिळाले होते. पण तत्त्व म्हणून प्रश्न ऐरणीवर आला तो आनंद मोहन चक्रवर्ती यांच्यामुळे. पश्चिम बंगालमध्ये जन्मलेले हे शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत असताना त्यांनी स्यूडोमोनास कुळातल्या एका जिवाणूत वेगवेगळी प्लाझ्मिडे (जिवाणूतले मुख्य जनुकसंचाबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे) एकत्र आणली, ज्यामुळे तो खनिज तेलातले अनेक घटक पचवू शकत होता. पावसाळ्याच्या तोंडावर मिरामारपासून कोलव्यापर्यंत वाळूत पायाला चिकटणारे डांबराचे गोळे ज्याने पाहिले आहेत, त्याला या जिवाणूचे आकर्षण समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ च्या त्यांच्या अर्जात तीन प्रकारचे दावे होते: जिवाणू तयार करण्याची प्रक्रिया, पाण्यावर तरंगणाऱ्या गवतासारख्या वाहकासह तो जिवाणू, आणि नुसता जिवाणू. परीक्षकाने पहिले दोन मान्य केले आणि तिसरा नाकारला. म्हणजे गवतावर बसलेला जिवाणू चालेल, एकटा चालणार नाही. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की वस्तू सजीव आहे की निर्जीव हा प्रश्नच नाही. ती निसर्गाची आहे की माणसाने घडवलेली, हा प्रश्न आहे.

या निकालाभोवती दोन गैरसमज मी वर्षानुवर्षे ऐकतो. चक्रवर्तींनी जनुके कापून जोडली होती, हा एक. तसे नव्हते, प्लाझ्मिडांची देवाणघेवाण जिवाणू निसर्गातही करतात, चक्रवर्तींनी ती हेतुपूर्वक घडवून आणली. दुसरा गैरसमज असा की त्या जिवाणूने समुद्र स्वच्छ केले. सांडलेल्या तेलावर तो व्यापारी स्वरूपात कधीच वापरला गेला नाही. ज्या वस्तूवरून सजीवांच्या पेटंटचे दार उघडले, ती वस्तू स्वतः त्या दारातून बाहेर आलीच नाही.

भारतात १९७० चा पेटंट कायदा या विषयावर बराच काळ गप्प होता. कोंबड्यांच्या बर्सायटिस रोगावरच्या जिवंत लशीची प्रक्रिया पेटंटला आली तेव्हा कार्यालयाने अर्ज नाकारला, कारण अंती मिळणारी वस्तू सजीव होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने जानेवारी २००२ मध्ये डिमिनाको प्रकरणात तो नकार रद्द केला आणि म्हटले की उत्पादित वस्तूत सजीव असणे ही अपात्रता कायद्यात कुठे लिहिलेली नाही. दरम्यान जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स कराराने सदस्य देशांना वनस्पती आणि प्राणी वगळण्याची मुभा दिली होती, सूक्ष्मजीव वगळण्याची नव्हे. त्यानुसार २००२ ची दुरुस्ती झाली आणि ती मे २००३ पासून लागू झाली. सूक्ष्मजीव म्हणजे काय, याची व्याख्या मात्र ना करारात आहे ना आपल्या कायद्यात. तुमचा जिवाणू निःसंशय त्यात बसतो, म्हणून या पोकळीची चिंता तुम्हाला नको; पण वनस्पतीच्या पेशीवर काम करणाऱ्याला असायला हवी.

ती किती असावी, हे बीटी कापसाने दाखवले. गोव्यात कापूस होत नाही, त्यामुळे इथे या खटल्याची चर्चा फारशी झाली नाही, पण सजीवांच्या पेटंटवरचे भारतातले ते सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. मॉन्सॅन्टोचे भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६ हे बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकाच्या बांधणीवर होते, कापसाच्या झाडावर नव्हे. निदान शब्दांत तरी नव्हे. नुझिवीडू सीड्स या भारतीय बियाणे कंपनीशी रॉयल्टीवरून वाद झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते पेटंटच अवैध ठरवले. जनुक एकदा बियाण्यात शिरले की ते बियाण्याचाच भाग होते आणि पिढ्यान्‌पिढ्या पैदाशीने पुढे जाते, म्हणून ३(जे), असा त्या निकालाचा सारांश. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला, पण पेटंट वैध आहे असेही म्हटले नाही; एवढा गुंतागुंतीचा प्रश्न पुराव्यावाचून ठरवता येणार नाही, साक्षीपुरावे घ्या, असे म्हणून प्रकरण एकल न्यायाधीशांकडे परत पाठवले. २०२१ मध्ये पक्षांनी आपसांत मिटवले. वकिलांच्या दृष्टीने हा अत्यंत गैरसोयीचा शेवट आहे. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत असताना जे जनुक पेटंटयोग्य आहे, ते शेतात उगवल्यावर कोणाचे, या प्रश्नाला भारतात अंतिम न्यायालयीन उत्तर मिळाले नाही. माझा कल खंडपीठाच्या बाजूचा आहे. संसदेने बियाण्याला पेटंट नाही असे म्हटले असेल, तर बियाण्याच्या आत बसून तोच परिणाम साधणाऱ्या दाव्याकडे शब्दांपलीकडे जाऊन पाहायला हवे. माझे काही सहव्यवसायी याच्याशी अजिबात सहमत नाहीत, आणि त्यांचा युक्तिवादही कच्चा नाही: जनुकाची बांधणी ही रसायनाची रचना आहे, ती कुठल्या झाडात गेली यावरून तिची जात कशी बदलेल?

आता पुढच्या पिढीचा प्रश्न. कॅनडातल्या पर्सी श्मायझर या शेतकऱ्याची गोष्ट आपल्याकडे फार चुकीची सांगितली जाते: मॉन्सॅन्टोचे पेटंट असलेल्या, तणनाशक सोसणाऱ्या कॅनोला या तेलबियांच्या पिकाचे बी वाऱ्याने उडून आले आणि बिचाऱ्याला शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्याने रस्त्याकडेच्या पिकावर तणनाशक मारल्यावर जी रोपे तगली, त्यांचे बी राखले आणि पुढच्या हंगामात, १९९८ मध्ये, सुमारे हजार एकरांवर पेरले. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटचा भंग झाल्याचे ठरवले, पण त्याने त्या गुणाचा वेगळा फायदा उठवला नव्हता, म्हणून कंपनीला एक डॉलरही द्यायला लावला नाही. लक्षात घ्या, कॅनडात झाडाला पेटंट मिळत नाही. त्याच न्यायालयाने दोन वर्षांपूर्वी हार्वर्डच्या कर्करोगी उंदराला (संशोधनासाठी कर्करोग व्हावा असा जनुकीय बदल केलेल्या) पेटंट नाकारले होते. तरी पेशी आणि जनुक यांवरच्या पेटंटाने झाड कवेत घेतले. अमेरिकेत बोमन या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून मॉन्सॅन्टोच्या पेटंटमधला गुण असलेले सोयाबीन विकत घेऊन पेरले आणि सांगितले की एकदा विकल्यावर पेटंटधारकाचा हक्क संपतो, शिवाय दाणे स्वतःहून वाढतात, मी ते बनवले नाहीत. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो बचाव फेटाळला.

या दोन्ही निकालांचे सावट तुमच्या खाजनावर कसे पडते ते पाहा. तुमचा जिवाणू एका शेतात घातला. पावसात मानस उघडली, पाणी पोयेतून, म्हणजे खाजनातल्या पाण्याच्या साठ्यातून, नदीत गेले, भरतीबरोबर पलीकडच्या खाजनात शिरले. पलीकडच्या शेतकऱ्याच्या चिखलात आता तुमचा जिवाणू आहे आणि त्याचे भातही बरे आले आहे. आपल्या पेटंट कायद्यात भंगासाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही. कलम १११ एवढेच म्हणते की पेटंटची माहिती नव्हती आणि माहिती असण्याचे वाजवी कारणही नव्हते, हे सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई घेता येणार नाही. पण सिद्ध करायचे कोणी? पलीकडच्या शेतकऱ्याने, तेही न्यायालयात जाऊन. बियाण्याच्या बाबतीत त्याला वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ चे कलम ३९ आधाराला आहे. संरक्षित वाणाचेही बी तो राखू शकतो, पेरू शकतो, बदली देऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडच्या नावाने नाही. गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने २०१९ मध्ये भरलेले खटले मागे घ्यावे लागले, तेव्हा चर्चा याच कलमाची होती. जिवाणूला असे कलम नाही. शेतकऱ्याला बियाण्यासाठी मिळालेली ढाल सूक्ष्मजीवासाठी कोणी घडवलेलीच नाही, आणि यापुढे शेतात येणारी पुष्कळशी नवी निविष्ठा सूक्ष्मजीवांच्या रूपातच येणार आहे. मला आजोबांच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे दिसतो. मानशीची पावणी घेणाऱ्यांपैकी काही जण मासळीच्या लोभाने खारे पाणी नको तेवढे आत घेतात आणि शेत बुडते, ही तक्रार खाजनाच्या गावांत जुनी आहे. मुदतीचा हक्क एकाचा आणि शेत दुसऱ्याचे, असे झाले की भांडण हक्क असावा की नसावा याचे राहत नाही. हक्क वापरताना बांध कोणी सांभाळायचा, याचे होते.

प्राण्यांविषयी थोडे. हार्वर्डच्या त्या उंदराला अमेरिकेत १९८८ मध्ये पेटंट मिळाले, आणि युरोपात प्राण्याला होणारी वेदना आणि माणसाला होणारा वैद्यकीय लाभ यांचे वजन करून, पुढे व्याप्ती उंदरांपुरती आटवून, ते टिकवले गेले. त्याच्या आधी, १९८७ मध्ये, एका अर्जात चक्क कालवे होती, तीन गुणसूत्रसंचांची, बारमाही खाता येण्याजोगी. विषय पेटंटयोग्य आहे असे अमेरिकी कार्यालयाच्या अपील मंडळाने मान्य केले, पण तो बदल त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगा आहे म्हणून अर्ज फेटाळला. भारतात हे दोन्ही ३(जे) मुळे दारातच थांबले असते. आपल्याकडे नैतिकतेसाठी वेगळे कलमही आहे, ३(बी): सार्वजनिक सुव्यवस्थेला किंवा नीतिमत्तेला बाधक, किंवा मानव, प्राणी, वनस्पती, आरोग्य वा पर्यावरण यांना गंभीर हानी करणारे काही पेटंटयोग्य नाही. तुमच्या अर्जात हे कलम उपस्थित होऊ शकते, म्हणून कुंडीतल्या प्रयोगांबरोबर तो जिवाणू मातीतल्या इतर जिवाणूंवर काय परिणाम करतो याचीही नोंद असू द्या.

राहिला ‘चिखल गावचा’ हा भाग, आणि इथे आजोबा कायद्यानेही बरोबर आहेत. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ६ प्रमाणे भारतातल्या जैविक संसाधनावर आधारलेल्या नवशोधासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावेच लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी एप्रिल २०२४ पासून अमलात आली, भारतीय अर्जदाराला पेटंट मिळण्यापूर्वी नोंदणी आणि व्यापारी वापराच्या वेळी पूर्वमंजुरी, अशी विभागणी झाली आहे. शिवाय पेटंटच्या तपशीलपत्रात संसाधनाचा स्रोत आणि भौगोलिक मूळ लिहावे लागते. ते लपवणे किंवा चुकीचे लिहिणे हे पेटंट रद्द होण्याचे कारण ठरते. ‘शापोरा नदीकाठचे खाजन, पेडणे तालुका, गोवा’ असे स्पष्ट लिहा, ‘किनारी मृदा’ असे गुळमुळीत नको. हा कायदा कागदावरच आहे असे समजू नका. बीटी वांग्याच्या वेळी कर्नाटकातले स्थानिक वाण मंजुरीवाचून वापरल्याच्या तक्रारीवरून प्राधिकरणाने २०११ मध्ये कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला होता, आणि तोपर्यंत ते वांगे केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०१० च्या स्थगितीत अडकलेही होते. आगशीच्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाला या प्रकरणातली चीड सहज कळेल.

पण भावना आणि पुरावा यांत गल्लत करू नये. हळदीचे अमेरिकेतले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, त्या लढ्याचे नेतृत्व करणारे डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे आपल्या माशेलचे, म्हणून गोव्यात ती गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. ते पेटंट हळद आमच्या आज्यांची आहे या मुद्द्यावर पडले नाही. जखमेवर हळद लावण्याचा उल्लेख आधीच्या छापील लिखाणात दाखवता आला, नावीन्य संपले, म्हणून ते पडले. लिहिलेले नसते तर आज्यांचा काही उपयोग झाला नसता. कोरगुट भात खाऱ्या पाण्यात कसे टिकते, कुठल्या खाजनातला कुठला चिखल रोपवाटिकेला चांगला, याचे शेकडो बारकावे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असतात. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकनोंदवहीत त्यातले किती उतरले आहेत, हे एकदा जाऊन पाहा. नसतील तर तुमच्या अर्जाआधी ते लिहवून घ्या. त्याने तुमचे पेटंट अडणार नाही, कारण तुमचा दावा घातलेल्या जनुकावर उभा आहे. उद्या दुसऱ्या कोणी मूळ चिखलावरच दावा केला, तर मात्र तो अडेल.

उरलेल्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत. जिवाणूचे वर्णन शब्दांत पुरेसे होत नाही, म्हणून त्याचा नमुना बुडापेस्ट कराराखालच्या अभिरक्षण संस्थेत ठेवावा लागतो. भारतात चंदीगडची एमटीसीसी आणि पुण्याची एमसीसी या संस्थांकडे ही सोय आहे. नमुना अर्जाच्या तारखेपर्यंत तिथे पोहोचलेला असला पाहिजे. माझ्या एका जुन्या अशिलाने, नाव आणि संस्था सांगत नाही, हे काम पावसाळ्यानंतर करू म्हणून ढकलले. जुलैत वीज दीड दिवस गेली, जनरेटर चालू झाला नाही, आणि सोमवारी ते माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार परीक्षानळ्या ठेवून बसले. तिरक्या अगारवर पिवळट, वाळलेला थर होता आणि त्यातला एकही पुन्हा वाढला नाही. त्यावर सहा वर्षांचे काम होते.

दुसरे असे की जे जनुक तुम्ही घातले, ते आणि ते वाहून नेणारे प्लाझ्मिड कुठून आले? दुसऱ्या प्रयोगशाळेकडून आले असेल तर सोबत सही केलेला साहित्य हस्तांतरणाचा करार असणार, आणि त्यात व्यापारी वापराला बहुधा मनाई असते. जनुक-संपादनाचे क्रिस्पर तंत्र वापरले असेल तर त्या तंत्राची मूळ पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत. मे २०२५ मध्ये जाहीर झालेला क्षारसहिष्णू पुसा डीएसटी राइस १ हा जनुक-संपादित वाण सरकारी संस्थेचा असूनही त्याच्याबाबत हाच प्रश्न विचारला गेला. तुम्ही नोकरीत असाल तर पेटंटचा हक्क तुमचा की संस्थेचा, हे नेमणुकीच्या अटींत पाहा. आजोबांच्या वाक्यातले ‘तुझ्या एकटीच्या नावाचा’ हे कदाचित तिथेच खोटे ठरेल.

आणि परवान्याबद्दल माझी सूचना, जी मानणे न मानणे तुमच्यावर आहे. पेटंट मिळाले तर कंपन्यांना परवाना देताना दोन अटी सुरुवातीलाच लिहा: शेतकऱ्याने एकदा घेतलेली भुकटी स्वतःच्या शेतासाठी पुन्हा वाढवली किंवा शेजाऱ्याला दिली तर हक्क सांगणार नाही, आणि पाण्याबरोबर पसरलेल्या जिवाणूबद्दल कोणत्याही शेतकऱ्यावर कारवाई करणार नाही. कायदा हे करायला लावत नाही. पण कायद्याने शेतकऱ्याला बियाण्यापुरती दिलेली ढाल करारानेही देता येते, आणि भुकटी तयार करून विकणाऱ्या कारखान्यावरचा तुमचा हक्क त्याने तसूभर कमी होत नाही. पेटंट अजिबात घ्यायचेच नसेल, तर सगळे तपशील प्रसिद्ध करून टाकणे हाही एक मार्ग आहे. मग ते कोणालाच घेता येणार नाही. फक्त तो निर्णय विचारपूर्वक घ्या, चुकून नको.

चुकून म्हणण्याचे कारण असे की पुढच्या महिन्यात एका परिषदेत या जिवाणूचे पोस्टर लावणार असल्याचे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. अर्जाआधी झालेल्या प्रकटीकरणाला आपल्या कायद्यात मोजक्या आणि अरुंद सवलती आहेत, युरोपात जवळपास नाहीत. पोस्टरवर जनुकाचे नाव, जिवाणूची जात आणि कुंड्यांतले आकडे छापले गेले की नावीन्य तुमच्याच हाताने गेले. परिषदेची नेमकी तारीख आणि पोस्टरचा सारांश कधी प्रसिद्ध होणार आहे ती तारीख, दोन्ही कळवा. सारांश पोस्टरच्या आधी निघतो आणि मुदत त्याच्यापासून मोजावी लागते. नमुना मात्र याच आठवड्यात पुण्याला पाठवा, बर्फात, दोन वेगळ्या पार्सलांत.